कासारणीचं मनगट

मनगट दुखतंय, ही काही चारचौघांत सांगायची गोष्ट वाटत नाही. ताप असला तर शेजारीण कपाळाला हात लावून बघते. मनगटाला कोण हात लावून बघणार? सकाळी हंडा उचलताना कळ येते, दिवसभराच्या गडबडीत ती विसरायला होते, आणि संध्याकाळी लुगडं पिळताना पुन्हा आठवण होते. म्हणून आपण ते दुखणं अंगावर काढतो. मीही काढलं. तुमच्यापैकी कुणाच्या मनगटात करंगळीकडच्या बाजूला अशी कळ येत असेल, आणि 'होईल कमी' म्हणत तुम्ही बसला असाल, तर हे तुमच्यासाठी लिहिते आहे. आजाराचं शास्त्र मला विचारू नका, ते मला येत नाही. माझं काय झालं, मी कुठे चुकले आणि मला कुणी सांभाळलं, एवढंच सांगते.

माझं काम

बीड जिल्ह्यातल्या उमापूरला आमचं बांगड्यांचं दुकान आहे. आम्ही कासार. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला पहिल्या महिन्यात स्वयंपाकाऐवजी बांगडी भरायला शिकवली. त्यामुळे माझी आमटी आजही बेताचीच आहे, पण हात मात्र तयार झाला.

ज्यांनी काचेची बांगडी कधी भरून घेतली नाही त्यांना सांगते. चांगली बांगडी मनगटाला बेताची असते, म्हणजे पंजाला ती लहानच पडते. मग पंजा लहान करावा लागतो. समोरच्या बाईचा हात मांडीवर घ्यायचा, चोळून चोळून सैल करायचा, तिचा अंगठा आत दुमडायचा, अंगठ्याच्या मुळाशी आपल्या तळव्याने दाब द्यायचा आणि त्याच क्षणी मनगटाला अलगद पीळ देऊन बांगडी पुढे सरकवायची. दाब कमी पडला तर बांगडी अडते, जास्त झाला तर फुटते. सगळा खेळ माझ्या उजव्या मनगटाचा. नागपंचमी, संक्रांत, लग्नसराई आली की सकाळी बसलेली मी दिवे लागेपर्यंत उठत नसे.

हल्ली खोक्यातल्या बांगड्या निघाल्या आहेत. बायका एक माप मोठं घेतात आणि घरी जाऊन आपल्या आपण चढवतात. त्या कोपरापर्यंत वरखाली नाचतात. विकायला आम्हीही ठेवतो, पण दुकानात आलेली बाई 'मामी, भरून द्या' म्हणाली की मला बरं वाटतं. तिच्याशी दोन शब्द होतात, तिचा हात हातात येतो. हात धरला की माणूस बोलायला लागतं. कुणाची सून कशी आहे, कुणाच्या पोरीला दिवस गेलेत, हे आधी मला कळायचं.

भरलेला हात

त्या वर्षी नागपंचमीच्या आदल्या दिवशी, गर्दी अगदी ऐन भरात असताना, एका बाईच्या हातात बांगडी सरकवताना माझ्या मनगटात 'टक' असं काहीतरी झालं. आवाज फक्त मलाच आला. पुढच्या बायका ताटकळत होत्या, मी काम चालू ठेवलं. दुसऱ्या दिवशी दाराची कडी फिरवता येईना.

हळदीचा लेप लावला. तेल चोळलं. आणि मग मी जे केलं ते फक्त कासारीणच करील. सासूबाई म्हणायच्या, गच्च भरलेलं मनगट थकत नाही. माझं माप दोन-सहाचं. मी दोन-चारच्या, म्हणजे एक माप लहान, हिरव्या बांगड्या काढल्या आणि डाव्या हाताने स्वतःच्याच उजव्या हातात डझनभर दाटीने भरल्या. आणि काय सांगू, बरं वाटलं! मनगट आवळून धरल्यासारखं झालं, कळ जरा दबली. मला वाटलं, औषध सापडलं. आठ-पंधरा दिवसांनी आणखी चार चढवल्या.

गावातल्या बायका म्हणायच्या, "मामी, काय शोभतोय हात!" मी हसायचे. आत काय चाललंय ते बांगड्यांखाली झाकलेलं होतं. यांच्यापासूनही. 'हे' म्हणजे आमचे मालक, गावाचे कासारमामा. हे कमी बोलतात, पण डोळा तीक्ष्ण आहे. तरी बांगड्यांच्या दुकानात बायकोचा हात बांगड्यांनी भरलेला असेल तर त्यात कुणाला काय वावगं दिसणार?

तुळशीचं लग्न झालं आणि लग्नसराई लागली. गल्लीतल्याच एका मुलीचा चुडा भरायला मी तिच्या घरी गेले. मांडवात बायका गोल बसलेल्या, गाणी चाललेली. सहावी की सातवी बांगडी असेल. दाब दिला आणि माझं मनगट एकदम सुटलं, हातात जीवच राहिला नाही. बांगडी नवरीच्या हातातच गेली. आम्ही 'फुटली' म्हणत नाही, 'वाढली' म्हणतो. पण नवरीच्या चुड्यातली बांगडी वाढली म्हटल्यावर काय होतं ते बायकांना वेगळं सांगायला नको. गाणं थांबलं. मुलीच्या बोटावर रक्ताचा बारीक थेंब आला होता. तिच्या आईने नुसता पदराने तो थेंब टिपला, आणि तेच मला जास्त लागलं. मुलगी मात्र गुणाची. म्हणाली, "मामी, दुसरी भरा की. मला काय न्हाई झालं." मी उरलेल्या बांगड्या डाव्या हाताने कशाबशा भरल्या आणि घरी येऊन चुलीपुढे बसून रडले.

आमच्या धंद्यात चूक होते. पण चूक होणार हे आधीपासून माहीत असताना नवरीचा हात हातात घेणं, हे माझं मलाच सहन होईना. त्या संध्याकाळी मी यांना सांगितलं, "मनगट दुखतंय." किती दिवसांपासून, ते मात्र नाही सांगितलं.

बांगड्या काढा

गेवराईला हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. एक्स-रे काढणारा म्हणाला, "मावशी, बांगड्या काढा."

मला काढता येईनात! मनगट खालून सुजलेलं, आणि डाव्या हाताला ते बळ नाही. मी बेसिनपाशी उभी राहून साबण लावत होते, ओढत होते, घाम फुटला होता. बाहेर रांग लागलेली. तो बिचारा वैतागला. म्हणाला, "फोडून टाका की, काचेच्याच तर हायेत."

"न्हाई." आमचे हे केवढ्यांदा बोलले! त्या दवाखान्यात सगळे वळून बघायला लागले. नवरा समोर उभा असताना बायकोच्या हातातल्या बांगड्या फोडायच्या, हे त्यांना कुठल्या जन्मी चाललं असतं?

मग त्यांनी चपला काढल्या आणि तिथेच फरशीवर मांडी घातली. एक प्लास्टिकची पिशवी मागून घेतली, ती माझ्या पंजावर चढवली, वरून साबण लावला, आणि माझा हात मांडीवर घेतला. मी दुकानात बसायला लागले तशा बायका माझ्याकडेच येऊ लागल्या, आणि यांनी भरायचं काम सोडून दिलं होतं. ते हिशोब आणि माल बघायचे. त्यांचा हात इतका हलका आहे हे मी विसरूनच गेले होते. अंगठा दुमडून, एकेक बांगडी गोल फिरवत, ते काढत राहिले. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, मी पदर दातात धरला होता. ते मान वर न करता म्हणायचे, "झालं. ही शेवटची." आणि शेवटच्या किती झाल्या ते देवाला ठाऊक. पण एकही वाढली नाही.

सगळ्या निघाल्यावर माझं मनगट आम्ही दोघांनी पहिल्यांदा पाहिलं. पांढरं फटक, वळ उठलेलं, आणि करंगळीकडे फुगलेलं. त्यांनी माझा हात उजेडाकडे वळवला.

"कावून न्हाई सांगितलं?"

"सांगून तुमी काय केलं असतं?"

"काय केलं असतं ते मी बघितलं असतं. तुला सांगायला काय झालंतं?"

त्यांनी बांगड्या रुमालात बांधून खिशात ठेवल्या. एक्स-रेत काहीच निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे, पण दुखणं खोटं नाही, तुम्ही संभाजीनगरला हाताच्या तज्ज्ञांना दाखवा. एक्स-रेत न दिसणारं दुखणंही खरं असतं, हे त्या डॉक्टरांनी स्वतःहून म्हटलं, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. पुष्कळ बायकांना ते कुणी म्हणत नाही.

निदानाचा दिवस

संभाजीनगरला आमची लेक, अश्विनी, दिली आहे. तिच्याकडे उतरलो. एमआरआयच्या मशीनचा धडधडाट ऐकून मला गिरणीत बसल्यासारखं वाटलं. रिपोर्ट घेऊन आम्ही तिघं डॉक्टर मॅडमसमोर बसलो.

मॅडम पन्नाशीच्या असतील. हातात बांगडी नाही, फक्त घड्याळ. मला सवयच आहे, आधी हाताकडे बघायची. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला, माझा हात आपल्या हातात घेतला, आणि अंगठ्याने एका जागी दाबलं. मी ओरडलेच.

"इथेच ना?" त्या म्हणाल्या. "इथे हाडांच्या मध्ये एक छोटी गादी असते. तुमची ती कडेने फाटली आहे. वर्षानुवर्षं पीळ देऊन झिजली, आणि एका दिवशी सुटली."

मी आवळून भरलेल्या बांगड्यांचं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आवळल्यामुळे फाटली नाही. पण तुम्हाला दुखणं कळेनासं झालं, आणि तुम्ही काम करत राहिलात. फाटत गेली ती त्यामुळे."

काहीतरी भयंकर निघेल म्हणून मी देव पाण्यात घालून बसले होते. तसं काही निघालं नाही. मनात म्हटलं, जीव तर जात नाही ना, मग रडायचं कशाला?  पण मला विचारायचं होतं ते वेगळंच होतं.

"मॅडम, मला बांगड्या भरता येतील का?"

त्यांनी कसं भरतात ते विचारलं. मी अश्विनीचा हात घेऊन दाखवलं. त्यांनी नीट पाहिलं. मग म्हणाल्या, "दुर्बिणीच्या ऑपरेशननं दुखणं कमी होईल, पकड येईल, घरकाम येईल. पण हा दाब आणि हा पीळ पूर्वीसारखा येईल की नाही, ते मी आज सांगू शकत नाही. आला तर मला आनंद होईल."

खोटी आशा दिली नाही. तेव्हा मला ते आवडलं नव्हतं.

घरी आल्यावर अश्विनी म्हणाली, "आई, बास झालं आता. खोकी विका, काउंटरवर बसा. कशाला हात मोडून घ्यायचा?" ती मायेनेच म्हणत होती. पण मला वाटलं, मी जिवंत असताना ही माझी वाटणी करते आहे. मी तिला फाडकन बोलले, "तुला काय कळतंय त्यातलं!" ती आत निघून गेली. हे म्हणाले, "तिच्यावर कावून वरडतीस? ती काय दुश्मन हाय का?" मग मी त्यांनाही बोलले.  आजारी माणूस सोशिक असतं असं पुस्तकांत लिहितात. मी तरी नव्हते.

एवढ्याशा जागेत

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दवाखान्यात दाखल झाले. संध्याकाळी मॅडम फेरीला आल्या. मी भीत भीत विचारलं, "दुर्बीण गुडघ्यात घालतात ते ऐकलंय. मनगटात जागा कुठंय?"

त्या चक्क खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, "हाच प्रश्न डॉक्टरांनीही कितीतरी वर्षं विचारला."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला कळलं तसं सांगते. शंभरेक वर्षांपूर्वी जपानमध्ये एका डॉक्टरांनी लघवीच्या पिशवीत बघायची दुर्बीण घेतली आणि एका मृत माणसाच्या गुडघ्यात घालून पाहिली. सांधा न उघडता आत बघता येतं, हे तेव्हा कळलं. पण ती दुर्बीण जाड. गुडघा मोठा, त्यात ती मावायची. मनगटात तर चिमुकली आठ हाडं दाटीवाटीने बसलेली. तिथे काय दिसणार आणि कसं दिसणार, म्हणून लोकांनी नाद सोडला. मनगटाचं काही झालं की लांब चीर देऊन उघडायचं, आणि मग महिनोन्‌महिने हात ताठ. पुढे जपानमध्येच कुणी चिकाटीने बारीक बारीक दुर्बिणी करत राहिलं, पार पेनाच्या रिफिलइतक्या. मॅडम जन्मल्या त्या सुमाराला डॉक्टर मनगटात डोकावायला लागले होते. आधी नुसतंच बघायचे. फाटलेलं दिसायचं, पण शिवता यायचं नाही. मग तेही हळूहळू जमलं.

"आणि जागा?" मी विचारलं.

"जागा करावी लागते. बोटांना जाळीच्या टोप्या घालून हात वर टांगतो. खाली थोडा भार देतो. सांधा जरासा उघडतो, तेवढ्यात आत जायचं."

मी यांच्याकडे पाहिलं, यांनी माझ्याकडे. मी म्हटलं, "आमीबी पंजा चोळून चोळून जागाच करतो की." मॅडम खूप हसल्या. म्हणाल्या, "मग तुम्हाला भीती वाटायचं कारण नाही."

भीती गेली नाही. पण इतक्या लोकांनी, इतकी वर्षं, माझ्या कधी न पाहिलेल्या मनगटात शिरायची वाट शोधली, हे ऐकून मला एकटं वाटेनासं झालं. हे मी मनापासून सांगते.

पडद्यावर

सकाळी सिस्टर आली. आमच्या बीडकडचीच, पाटोद्याची निघाली. "मावशी, डाव्या हातातल्याबी काढाव्या लागत्याल," ती म्हणाली. मी काढल्या. दोन्ही हात उघडे पडले आणि मला कसंतरीच झालं. बांगड्या बदलतानाही आम्ही एक तरी हातात ठेवतो. ते तिला कळलं. तिने पट्टीच्या गुंडाळीतून बारीक कापडाची चिंधी कापली, माझ्या डाव्या मनगटावर बांधली, आणि वर म्हणाली, "आता झालं का? चला." त्या पोरीचं नाव मी विचारलं नाही. तिला देव सुखात ठेवो.

हात बधिर केला होता, मी जागी होते. मला वाटलं होतं झोपवतील. माझा हात बोटांनी वर टांगलेला होता आणि तो माझा वाटतच नव्हता. मधल्या पडद्याआडून मॅडम म्हणाल्या, "बघायचंय?"

मी हो म्हटलं. अश्विनीला नंतर सांगितलं तेव्हा ती शहारली. पण मला बघायचंच होतं. आयुष्यभर हजारो मनगटं हातात घेतली, आतून एकही पाहिलं नव्हतं.

टीव्हीसारख्या पडद्यावर उजेड पडला. आत पाणी सोडलेलं होतं, सगळं त्यात हलत होतं. हाडं पांढरी स्वच्छ, गुळगुळीत, ओली. इतकी सुंदर असतील असं वाटलं नव्हतं. मग दुर्बीण करंगळीकडे वळली, आणि तिथे ती गादी दिसली. कडेला दशा निघालेल्या, पाण्यात लोंबत होत्या. मॅडमनी एका बारीक आकड्याने ती उचलून दाखवली. "ही बघा. हीच सुटून गेली होती."

मला एकदम तिची दया आली. माझ्याच अंगातली वस्तू, पण दया आली. मी तिच्यावर दाब देत राहिले, वरून बांगड्या आवळल्या, आणि ती दशा सुटेपर्यंत राबत होती. मी रडायला लागले. सिस्टरने डोळे पुसले आणि विचारलं, "दुखतंय का?" मी नाही म्हटलं. दुखत नव्हतंच.

दोन-तीन बारीक छिद्रं, एखाद-दुसरा टाका. बाहेरून पाहाल तर डास चावल्यासारखं. एवढ्याशा वाटेने आत जाऊन त्यांनी ती गादी पुन्हा जागच्या जागी शिवली.

वेणी

छिद्रं बारीक होती, तरी सांभाळ बारीक नव्हता. हे नीट ऐका, कारण मला कुणी सांगितलं होतं तरी मी ऐकलं नव्हतं. कोपराच्या वरपर्यंत प्लास्टर, महिना-दीड महिना. उजवा हात गळ्यात. पिण्याचं पाणी डाव्या हाताने, जेवण डाव्या हाताने. ब्लाउजचे हुक लावता येत नाहीत, केस विंचरता येत नाहीत. पहिल्या आठवड्यात अश्विनी येऊन राहिली. आम्ही दोघींनी भांडणाचं नावही काढलं नाही. तिने मला न्हाऊ घातलं, तेव्हा तिच्या हातावर मी डोकं टेकवलं, तेवढ्यात ते मिटलं.

ती गेल्यावर सगळं यांच्यावर आलं. हे वेणी घालायला शिकले! पहिल्या दिवशी अशी वळली की मला आरशात बैलाचा कासरा दिसला. मी म्हटलं, "अवो, खुंट्याला बांधता का काय?" ते म्हणाले, "हलू नको. मापात बसना." पुढेपुढे छान घालायला लागले. भाकरीचं मात्र काही जमलं नाही. शेवटी शेजारच्या घरून भाकरी यायला लागल्या, आणि यांनी कालवणाचा ताबा घेतला. माझ्या आमटीपेक्षा त्यांची आमटी बरी होते, हे मी इथे कबूल करते, त्यांच्यासमोर करणार नाही.

संक्रांत त्यातच आली. दुकानात बायका येत, खोकी घेत, जात. मी कोपऱ्यात खुर्चीवर, हात गळ्यात. काहीजणी यांच्याकडून भरून घ्यायला लाजायच्या. एक म्हातारी म्हणाली, "आता मामीचं झालंच म्हणायचं." वाईट हेतू नव्हता तिचा. मी उठून आत गेले आणि धान्याच्या कोठीला टेकून उभी राहिले. मला तेव्हा मरणाचीसुद्धा एवढी भीती वाटली नसती. नुसती खोकी विकणारी बाई मी कशी होऊ? कुणाचा हात हातात न घेता दिवस कसा काढू? हे आत आले, माझ्याजवळ उभे राहिले.  म्हणाले, "चल, वेणी सुटलीय."

पसा

प्लास्टर निघालं तेव्हा हात काडीसारखा झाला होता. गेवराईच्या व्यायामवाल्या ताई म्हणाल्या, तळहात वर करा. पसा धरतो तसा. साधी गोष्ट! देवळात प्रसाद घेतो तेवढी. माझा तळहात अर्ध्यावरच अडला. त्या दिवशी मी ताईंसमोर रडले, यांच्यासमोर रडले, एसटीत रडले.

मग रोज. कोमट पाण्यात हात. टॉवेलचा बोळा आवळायचा. लाटणं उभं धरून हळूहळू दोन्हीकडे कलवायचं. कधी वाटायचं पुढे गेलो, दुसऱ्या दिवशी पुन्हा मागे. घाई करू नका आणि सोडूही नका, एवढंच सांगते. होळीच्या सुमाराला पसा सरळ झाला. नारायणगडावर दर्शनाला गेलो होतो, तिथे पुजाऱ्यांनी खडीसाखर ठेवली ती उजव्या तळहातावर, आणि सांडली नाही. यांनी ते पाहिलं, आणि तोंड फिरवून नाक शिंकरलं.

मॅडम तपासून म्हणाल्या, गादी छान धरली आहे. बांगडी भरायला परवानगी देते, पण मऊ हातांपासून सुरुवात करा.

आणि मी सुरुवात करेना. खरं सांगते, हिंमतच होईना. ते मनगट सुटलं तो क्षण, ती थांबलेली गाणी, डोक्यातून जात नव्हती. गिऱ्हाईक आलं की मीच खोकं पुढे करायचे.

सत्यभामा

चैत्रात ऊसतोडीला गेलेली माणसं परत आली. एका दुपारी सत्यभामा दुकानात आली. वस्तीवरची, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांत तिचा हात कडक. कोयता धरून धरून तळव्याला घट्टे, अंगठ्याच्या मुळाशी हाड वर आलेलं. मऊ हातांपासून सुरुवात करा म्हणाल्या होत्या मॅडम!

ती येऊन माझ्यासमोर बसली आणि दोन्ही हात पुढे केले. एकेका मनगटात एकेकच बांगडी उरली होती.

हे काउंटरवरून म्हणाले, "सत्यभामा, मामीच्या हाताचं आप्रेशन झालंय. खोक्यातल्या घे."

"ठावं हाय मला. उसाच्या फडातच कळलंतं." ती माझ्याकडेच बघत होती. "तिकडं कारखान्यावर बांगड्यावाला आलता, समद्याजणींनी भरल्या. म्या न्हाई भरल्या."

"अगं, वाढली बिढली म्हणजे?" मी म्हणाले.

"वाढली तर दुसरी. तुमच्या दुकानात काय कमी हायेत व्हय?"

मला हसू आलं. मी तिच्या मापाची बांगडी काढली. तिचा हात मांडीवर घेतला, चोळायला लागले. तेव्हा ती म्हणाली, "दुखलं तर सांगा बरं, मामी."

हे वाक्य माझं. तीसेक वर्षं प्रत्येक बाईचा हात धरताना मी ते म्हणत आले आहे. कासारणीला ते कुणी म्हटल्याचं मी ऐकलं नव्हतं.

बांगडी बोटांवरून गेली. अंगठ्याच्या मुळाशी अडली. मी दाब दिला, पीळ द्यायला गेले, आणि करंगळीकडून कळ निघाली. जुनी खोड अशी की दात आवळायचे आणि रेटायचं. दात आवळलेही. मग ते सोडले.

"दुखतंय गं," मी म्हणाले.

ती जागच्या जागी थांबली. "थांबा मग. मला काय घाई न्हाई."

आम्ही थांबलो. हे काउंटरवर काहीतरी मोजत होते ते थांबले. कळ ओसरली.

"तुमी नुस्ती बांगडी घट धरा," सत्यभामा म्हणाली, "पीळ देऊ नका. मी हात आणते." तिने आपला अंगठा आपणच आत दुमडला आणि हळूहळू हात पुढे रेटला. मी बांगडी धरून होते. तिच्या हाडावरून ती काच सरकताना माझ्या बोटांना कळली, आणि मग ती तिच्या मनगटावर जाऊन बसली. सबंध.

"दुसरी घ्या," ती म्हणाली.

त्या दुपारी तिचे दोन्ही हात भरायला आम्हाला फार वेळ लागला. दुखलं की मी सांगत होते, आणि ती थांबत होती.